ढिगाऱ्याचं इतिवृत्त

बोगुत्का, सिलेशिया. मार्चची सतरा तारीख.
हजर : सतरा माणसं, एक कुत्रा.
शाळेतली बाकं बुटकी, सगळ्यांचे गुडघे हनुवटीपाशी.
इतिवृत्त मी लिहिते आहे, कारण माझं अक्षर बरं आहे
आणि दुसऱ्या कुणी हात वर केला नाही.

विषय : ढिगारा.
शंभर वर्षं खाणीतून कोळसा वर आला,
त्याच्यासोबत जे कोळसा नव्हतं, तेही आलं.
कोळसा वाघिणींत बसून निघून गेला.
उरलेलं आमच्या खिडक्यांसमोर साचत राहिलं.
इथली मुलं डोंगर काढतात तेव्हा तो काळा रंगवतात
आणि बाई चूक देत नाहीत.

आता खाण बंद. नगरपालिका म्हणते, सपाट करू,
गोदाम बांधू, दोनशे जणांना काम.
एर्विन कुचेरा उठून म्हणाला, उद्यान करू.
कुणीतरी हसलं.
हसू इतिवृत्तात लिहीत नाहीत.
मी लिहिलं.

त्या वसंतात आम्ही बादल्या वाहिल्या.
परसातली माती, कोंबड्यांचं खत,
सवलतीत मिळालेली चाळीस रोपं : ओक, मेपल, लिंडन.
कुणी कुदळ आणली, कुणी केक,
कुणी नुसतंच मत.
जूनमध्ये काळा उतार तव्यासारखा तापला.
सदतीस वाळली.
एर्विन एकेक उपटून मुळं बघत होता,
दाताच्या डॉक्टरसारखा, गप्प.

तेव्हा गेर्त्रूदा पाशेक काठी टेकत आली.
तिचा नवरा सातशे मीटर खाली राहिलेला,
त्र्याहत्तर सालापासून.
म्हणाली, लावताय कशाला? ते येतंय की आपलं आपण.
आणि आम्हाला पलीकडे घेऊन गेली, उत्तरेच्या अंगाला,
जिकडे आमच्यापैकी कुणाचीच खिडक़ी नाही,
फक्त तिची.
भूर्ज.
बोटाएवढे, मनगटाएवढे, काही माझ्याहून उंच,
राखेतून, सरळ, पांढरे.
दोनशे बारा, ती म्हणाली. मोजून घ्या.
आम्ही मोजले. दोनशे चौदा.
दोन या आठवड्यातले असतील, ती म्हणाली,
डोळ्यांना दोष दिला नाही.

ठराव : काहीही न लावणे.
नऊ विरुद्ध आठ मतांनी मंजूर.
न लावण्याचं काम फार निघालं.
टायर एकशे साठ. फ्रिज अकरा,
एकात कुणाचं तरी लोणच्याचं बरणीसकट भांडार.
रुळांखालच्या जुन्या लाकडांच्या पायऱ्या,
प्रत्येक पायरीसाठी चार माणसं आणि एक शिवी.

सह्यांच्या कागदावर शेवटचं नाव योआखिम नोवोकचं.
तीस वर्षं तो वाघिणी वर नेऊन उलट्या करायचा.
पेन धरून बराच वेळ उभा राहिला.
हे मीच टाकलंय, म्हणाला,
कुणी विचारलं नव्हतं तरी.
मग इतक्या जोरात सही केली
की कागद फाटला. टेप लावून दिला पालिकेला.

पालिकेनं उतार दिला. माथा दहा वर्षांच्या करारावर.
पायथा गोदामालाच गेला.
एर्विन महिनाभर कुणाशी बोलला नाही.

जानेवारीत बर्फ पडला, सगळीकडे,
फक्त माथ्याजवळ एक खाटेएवढी जागा काळी राहिली.
इंजिनिअर थर्मामीटर घेऊन आले :
आत कोळशाचा चुरा जळतो आहे, कधीपासून ते सांगता येत नाही,
विझवता येत नाही, कुंपण घाला.
घातलं.
गेर्त्रूदा रोज दुपारी तिथे जाते,
कुंपणाबाहेर खुर्ची, थर्मासमधला चहा,
हातमोजे काढून तळवे त्या बाजूला धरते.
मी एकदा विचारलं, थंडी वाजत नाही का?
म्हणाली, खाली पाळी चालू आहे अजून.

मी हे कुठल्या विषयाखाली लिहू, कळलं नाही.
इतर बाबी, असं लिहिलं.

पुढची सभा : एप्रिलचा पहिला गुरुवार.
विषय : कचऱ्याच्या डब्यांचा रंग.
हिरवा की तपकिरी, गेल्या वेळी दीड तास गेला.
कृपया बाकं परत जागेवर ठेवावीत.