फाटकापर्यंत

ओउलूत नोव्हेंबरमध्ये तीनलाच दिवा लावावा लागतो.
वेइक्काचा पॅच सकाळी आला होता,
एकशे बारा ओळी,
आणि वर, जरा लाजतच, एक आकडा:
एकेचाळीस सेकंदांवरून नऊ.

डॉक्टर पोरांना सांगतात तसं
मी आकड्याला म्हटलं, जीभ दाखव.
चालवून पाहिलं. नऊ.
पुन्हा. नऊ.
मशीन बंद करून, थंड डिस्कवर: चौदा.
हे त्यानं लिहिलं नव्हतं.

कल्पना साधी, म्हणून मला थोडी असूयाच वाटली.
कमिटवरून त्याच्या आईबापांकडे,
कमिटवरून फोल्डरांत, फोल्डरांतून फाइलींत
उतरत जाताना
जिथं जाऊन आलो त्या दारावर खूण करायची.
खूण दिसली की पुढं.
बावीस वर्षांचा इतिहास, साठ लाख वस्तू,
आणि आम्ही त्याच त्या अंगणांतून
दर खेपेला नव्यानं चालत होतो.

माझे वडील वीजमीटर वाचायचे.
हिवाळ्यात समुद्र गोठला की
बर्फावरून गाडी घालून हाइलुओतो बेटावर जायचे,
वहीत घराघरापुढे बरोबरची खूण.
एका घरापुढे खूण होती, आकडा नव्हता.
आईनं विचारलं.
म्हणाले, गेलो होतो की.
फाटकापर्यंत.
कुत्रं होतं.

सत्त्याऐंशीव्या ओळीवर मला ते कुत्रं दिसलं.

तीनच पायऱ्या उतरायच्या, असं बंधन घातलं
तर एखादं फोल्डर आधी अगदी तळाशी भेटतं,
पायऱ्या संपतात तिथं.
आपण उंबऱ्यावरून मागं फिरतो
आणि खूण करतो.
मग तेच फोल्डर दुसऱ्या वाटेनं, वरच,
दोन पायऱ्या हातात असताना.
खूण म्हणते, पाहिलंय.
नजरेखालून घातलंय, एवढंच खरं.
आतल्या फाइली कुणीच पाहिलेल्या नसतात,
आणि त्या नाहीत म्हणून कुणी ओरडतही नाही.

मी लिहिलं, खूण दारात शिरताना करायची,
की घर फिरून झाल्यावर?
खोडलं. शिकवणीसारखं वाटत होतं.
नुसती टेस्ट पाठवली, अकरा ओळींची,
नापास होणारी.

वेइक्का तेवीसचा, रोवानिएमीला असतो,
दिवसा कुठल्याशा गोदामात काम करतो.
रात्री पावणेबाराला त्याचं उत्तर:
"अरेच्चा."
आणि एकच्या सुमारास नवा पॅच.
खुणेशेजारी आता लिहिलेलं असतं
पायऱ्या किती उरल्या होत्या.
जास्त घेऊन आलास तर पुन्हा आत जा.
नऊचे अकरा झाले, त्यानं लिहिलं,
दोन सेकंदांबद्दल माफ करा.

वडील पुढच्या आठवड्यात परत गेले होते त्या घरी,
खिशात सॉसेजचा तुकडा घेऊन.
चार हजार दोनशे सहा.
आकडा अजून पाठ आहे मला, का कोण जाणे.

हे वेइक्काला सांगितलं नाही.
'मान्य' लिहिलं, खाली नाव घातलं, इर्मेली.
मग मशीन पुन्हा बंद करून,
थंड डिस्कवर, एकदा चालवलं.
सोळा.
तेही खाली लिहून ठेवलं.