शंभर यार्ड

टेपाचं शून्याकडचं टोक माझ्या हातात होतं.
शाळेच्या फाटकाला ते टेकवून मी उकिडवा बसलो
आणि ग्रामसेवक दुसरं टोक ओढत निघाला
अयोध्याबाईच्या टपरीकडं.

बुधवार. मधली सुट्टी व्हायची होती.
कऱ्हाळे मॅडम ओट्यावर, हातात जिंतूरहून आलेलं पत्र:
शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू, बिडी विकायची नाही.
यार्ड म्हंजे किती, कुणालाच ठाऊक नव्हतं.
सातवीतल्या विश्वंभरनं वहीच्या मागं हिशेब मांडला:
तीस मीटरचा टेप तीनदा, वर तीन हात.

टपरी दुसऱ्याच टेपात लागली.
अठ्ठेचाळीस.

"कारखान्यालं लावा की कुलूप,
बाईच्या पोटावर काहून?" कुणीतरी म्हणालं,
ओठांत बिडी धरून, खिशात आगपेटी चाचपत.
त्याचं खोटं नव्हतं. तेच तर अवघड.

अयोध्याबाई काही बोलली नाही.
तिनं बरण्या उतरवल्या. गोळ्या, पेन्सिली, खोडरबर,
सुया, रबरं, शेवटी बिड्यांचे कट्टे.
कट्ट्यावर सडलेलं फुप्फुस छापलेलं असतं.
वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र, असं मॅडम सांगतात.
तिला वाचता येत नाही. चित्र दिसतं,
म्हणून ती कट्टे उलटे लावते, तोंड पत्र्याकडं.

लिंबाजीचा एक्स-रे परभणीहून मीच आणला होता,
एसटीत मांडीवर उभा धरून, मुडपू नये म्हणून.
झिरो फाट्याच्या अलीकडं खिडकीतून ऊन आलं,
तेव्हा उजव्या बाजूला पांढरं दिसलं,
उमललेल्या बोंडाएवढं.
मी म्हटलं, बरंय बाबा, पांढरंच आहे.
डॉक्टरनं नंतर सांगितलं, काळं दिसतं ते चांगलं.
त्या दिवशी स्टँडावर उतरून
मी दोन बिड्या ओढल्या, एकीवर एक पेटवून.

टपरी ढकलताना ती माझ्याजवळच बोलली, हळू:
"ह्येच इकून धाकटीलं नर्सिंगलं घातलं, मुंजाजी.
पेन्सिलीवर निघती का फी?"
मी खांदा लावला होता. उत्तर द्यायला तेवढं निमित्त पुरलं.
मागून कुणीतरी जोर लावला, चाक खड्ड्यातून निघालं.
बघतो तर मॅडम. पदर खोचलेला, तळव्याला गंज.

घंटा मी दिली. लेकरं सवयीनं धावली
आणि चार विटांच्या खुणांपाशी,
पिवळ्या पडलेल्या गवतापाशी थबकली.
काही पुढं पळाली, पुलापलीकडं, जिनिंगच्या भिंतीकडं.
काही माघारी फिरून नळाला तोंड लावून पाणी प्याली.
सगळी गेली नाहीत.
तेवढंच झालं त्या पत्रानं. तेवढं झालं.

आता एक सांगतो, मॅडमना सांगू नका.
इतकी वर्षं घंटेनंतर मी नाणं कुणाच्याही हातावर ठेवायचो.
"पळ रे, दोन आण." लेकरू पळायचं,
बिड्या मुठीत धरून यायचं, तळवा हुंगत.
विश्वंभर तर एका दमात जाऊन यायचा.
आता एवढ्या लांब कुणाला धाडावं?

संध्याकाळी फाटकाला कुलूप घातलं, निघालो.
पहिला टेप सरळ गेला.
दुसऱ्यात, विटांच्या खुणांपाशी, छाती वाजायला लागली.
चपलेत खडा गेलाय असं दाखवून वाकलो.
पुन्हा चाललो. पुलावर परत थांबलो,
कठड्यावरून पाणी बघितल्यासारखं केलं.
नाल्यात पाणी नव्हतं.

तिथून तिचा बल्ब दिसत होता.
शंभर यार्ड सरकारनं लेकरांसाठी आखले,
आणि माझा दम किती यार्डांचा, ते मला कळलं.

"यायलास का हुबाच ऱ्हायलास?" तिनं हाक दिली.
तिचा हात कट्ट्यावर गेला होता, नेहमीसारखा,
पण तिनं तो उचलला नव्हता अजून.
ओरडून सांगायला श्वास नव्हता.
मी नुसता हात वर केला.
येतो म्हणून केला की जातो म्हणून,
तिला कळलं नसावं. अंधार पडत होता.