खाडा

चिलोए बेटावर, कास्त्रोच्या खाडीत,
आमची घरं लाकडी खांबांवर उभी.
भरतीला पाणी तुळयांना लागतं,
ओहोटीला नुसता चिखल, कलंडलेल्या होड्या
आणि गेल्या वर्षीपासून तिथेच असलेला एक बूट.
दोन घरांत मिळून भिंत एकच.
फळी इतकी पातळ, की दोन्या एदुविना साखर ढवळते
तेव्हा मी माझ्या कपाकडे बघतो.

मी सॅमनच्या कारखान्यात रात्रपाळीला.
संध्याकाळी सहाला उठतो.
सहालाच ती बसते, भावाचं अकॉर्डियन मांडीवर घेऊन.
भाऊ दक्षिणेला गेला तो पुंता आरेनासचाच झाला,
पेटी राहिली एकवीस वर्षं बटाट्यांच्या पोत्यांमागे.
चौसष्टाव्या वर्षी तिने ती उघडली.
आतून आधी कोळी निघाला, मग खर्ज.

पहिला महिना दोन-दोन तास झोडपलं.
खांदा धरला. पेटी परत बटाट्यांमागे.

मग तिने भरती-ओहोटीची पुस्तिका आणली,
मच्छीमारांच्या खिशात असते ती.
रोजचे चार आकडे: पाणी कधी चढणार, कधी उतरणार.
कडेला बोटभर कोरी जागा.
तिथे ती पेन्सिलने मिनिटं लिहायला लागली:
अकरा. नऊ. अकरा.
सात (पाव करपला).
खिडकीतून शिंपले देताना म्हणाली,
बाराच्या वर गेले तर स्वतःलाच रागावते मी.
समुद्र तरी कुठे एका दमात येतो?

जुलैत, ऐन थंडीत, तिला पोर्तो मोंतच्या इस्पितळात नेलं.
भिंत नऊ दिवस गप्प.
परतली तेव्हा मी सरपण वर चढवून दिलं.
टेबलावर पुस्तिका, नऊ ओळी कोऱ्या.
अरेरे, मी म्हणालो, नऊ खाडे.
चष्मा पुसत म्हणाली,
खाडे तुझ्या कारखान्यात धरतात, नेल्सोन.
पाणी उतरलं म्हणून खाडीचा खाडा कुणी मांडलाय कधी?
नऊ ओळींना मिळून एक कंस घातला,
शेजारी लिहिलं: ओहोटी.
त्या संध्याकाळी चार मिनिटं.

तिसऱ्या वळणावर करंगळी अजून घसरते.
पण आता घसरण्याआधी थांबते,
ओल्या जिन्यावर आपण थांबतो तशी.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही.
माझ्या उशाशी, त्याच फळीवर, मीही रेघा ओढतो,
पेट्या मोजायच्या खडूने. चार उभ्या, पाचवी आडवी.
वर्ष सरलं तेव्हा तिने बेरीज केली,
खिडकीतून ओरडली: दोनशे चौदा दिवस!
माझ्याकडे दोनशे पंधरा.

दोनदा मोजल्या.
मग आठवली ऑगस्टमधली ती संध्याकाळ,
पुंता आरेनासहून फोन आला होता त्या दिवसाची.
तिने पट्टे खांद्यावर चढवले
आणि फक्त हवेचं बटण दाबून
भाता उघडला, मिटला, उघडला.
सूर एकही नाही. नुसती हवा,
आत, बाहेर,
खाली खांबांना लागणारं पाणी.
किती मिनिटं, मला सांगता येणार नाही.
माझी बस गेली. कारखान्यात माझा खाडा लागला.

तिने तो दिवस धरला नाही.
मी धरला आहे.