तेवढ्याच मापाची फळी

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाळं तोलायचा काटा,
आणि खिडकीशी संगणक. अकरा दिवस मुका.
दिवे तर सगळे लागतात गं, इस्मेनिया म्हणाली.
लागत होते. राउटरचा हिरवा, केबलच्या टोकाचा पिवळा,
लुकलुक, लुकलुक,
पलीकडे कुणी जीव तोडून बोलतंय
आणि अलीकडे कुणी नुसतं हूं हूं करतंय.

मी यंत्राला त्याचा पत्ता विचारला.
एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, पुढे काहीबाही.
म्हणजे कुणी दिलेला नव्हे.
मागायला तोंड उरलं नव्हतं,
तर बसल्या जागी स्वतःच एक घेतला लिहून.
असल्या पत्त्यावर काही येत नाही.

विषाणू होता, हे खरं.
बाहेरचं सगळं बोलणं जिच्या हातून जातं-येतं
त्या एका फाइलच्या पोटात शिरून बसलेला.
अँटिव्हायरसने तो पकडला
आणि ढेकणापायी बाज जाळावी
तशी फाइलच नेली उचलून.

काळ्या चौकटीत मी हुकूम टाइप केला:
सगळं तपास, जमेल तेवढं सांध.
टक्के चढू लागले.
चाळीसवर इतका वेळ बसले की माटेचं भांडं
माझ्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून माझ्याकडे
तीनदा फिरलं.
मग शंभर. मग उत्तर:
खराब फाइली सापडल्या. काही दुरुस्त करता आल्या नाहीत.
आम्ही पण असंच लिहितो,
इस्मेनिया म्हणाली, रुग्णांच्या वहीवर हात ठेवून.

निरोगी प्रत इंटरनेटवर मिळते.
इंटरनेट त्या फाइलशिवाय मिळत नाही.
हे मी तिला दोनदा समजावलं.
दुसऱ्यांदा मलाच हसू आलं.

समोरच्या बेटावर शाळेत याच आवृत्तीचा संगणक आहे,
याच्याच जोडीने, एकाच बोटीतून आलेला.
बावदिलिओने होडी काढली.
चिलोएच्या या खाडीत वारा दुपारनंतर उलटा फिरतो
म्हणून तो घाई करत होता,
आणि घाई करताना तो बोलतो.
किती जड आहे ती तुझी फाइल?
अर्धा एमबी.
म्हणजे?
म्हणजे काहीच वजन नाही.
मग मला का दोन तास वल्हवायला लावतेस?

कुठलीही चालणार नाही का, त्याने विचारलं,
जवळची, थोडी जुनी?
मी नाही म्हणायच्या आत त्यालाच उमगलं.
चर्चच्या भिंतीवरच्या लाकडी फळ्या तोच बदलतो.
बोटभर आखूड बसवली,
तर पाणी बरोब्बर तिथूनच आत येतं.

संध्याकाळी बसवली.
सेवा एकेक उठवल्या, यंत्र बंद करून चालू केलं.
पत्ता आला. या वेळी मागून घेतलेला.

सगळ्यात आधी आत आलं ते अँटिव्हायरसचंच अपडेट.
मी त्याला दाखवून ठेवलं: ही आपली आहे, हिला हात लावू नकोस.
मग मुख्य इस्पितळातून अकरा दिवसांचे अहवाल,
एकोणीस, एकावर एक,
प्रिंटर धापा टाकत होता.

इस्मेनियाने चष्मा लावला.
एक कागद तिने परत पहिल्यापासून वाचला.
खिडकीतून खाली पाहिलं,
बावदिलिओ डब्याने होडीतलं पाणी उपसत होता.
त्याला वर बोलाव, ती म्हणाली.
आणि तू जरा बाहेर थांब.

परतताना तो बोलला नाही.
वारा उलटा फिरला होता, तरी घाई नव्हती.
कागद टोपीत होता, चार घड्या घातलेला.
पेन ड्राइव्ह माझ्या खिशात,
आणि तिच्यात ती फाइल अजून होती,
शाळेतही होती, दवाखान्यातही.
प्रत काढली तरी मूळ उणं होत नाही,
बिघडलं तर कुठून तरी पुन्हा आणता येतं,
हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं
आणि समुद्राकडे पाहत राहिले.

डावं वल्हं, उजवं वल्हं.
उजवं जरा हळू.