नववी खुंटी

बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेतो
आणि थांबतो.
हाक ऐकून उंबऱ्यापर्यंत आलेला माणूस
काहीतरी आठवून परत आत जावा, तसा.
पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा.

रात्रीचे साडेबारा. मे महिना.
साखर पेठेतल्या पत्र्यांतून दुपारचं ऊन अजून उतरलेलं नाही.
शेजारी कोडमांच्या कारखान्यात चार माग चालू,
त्यांच्या तालावर आमची भिंत,
भिंतीवरचं कॅलेंडर, कॅलेंडरवरचा व्यंकटेश,
सगळे हलतायत.
फक्त हा नवा कोरा डबा गप्प.

अकरा महिने साठवले याच्यासाठी.
मदरबोर्ड नवी पेठेतून, प्रोसेसर कुरिअरनं,
रॅम मेहुण्याच्या ओळखीनं.
टॉवेलांची डिझाईनं घरी काढीन म्हटलं होतं,
कारखानदाराच्या काचेच्या खोलीत
तासावर बसणार नाही म्हटलं होतं, मोठ्यानं, जेवताना.
आता सगळं जोडलंय
आणि काहीच जुळलेलं नाही.

रॅम काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात पुसले,
बसवली. टक् वाजलं, दोन्ही कडांना वाजलं.
शेजारच्या खाचेत घालून पाहिली.
आठ पिनांची वायर उपसून पुन्हा खुपसली.
ग्राफिक कार्ड घ्यायला पैसे नव्हते,
त्यामुळे त्याला दोषही देता येईना.
प्रोसेसरची खिट्टी उघडून श्वास धरून पाहिलं,
एखादी पिन वाकलीय का,
वाकली असेल तर आठ हजार वाकले.
सगळ्या सरळ.
पंखा: अर्धा.

नाना दारात केव्हापासून उभे.
चाळीस वर्षं जॉबर. माग बघायच्या आधी ते ऐकतात.
इथं ऐकायला काही नाही, म्हणून बेचैन.
"आगु," म्हणाले. म्हणजे थांब.
घाबरले की त्यांची तेलुगू वर येते.
"सोडव सगळं. सांगाड्याबाहेर काढ.
आधी नुसती मोटर फिरते का बघायचं असतं,
कापड नंतर."

स्क्रू आईच्या सुपात ठेवले,
कापलेल्या पानांच्या कडेला.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर बोर्ड उघडाच मांडला,
स्क्रूड्रायव्हरचं टोक
दोन पिनांना एकदम टेकवलं
आणि पंखा फिरला,
फिरतच राहिला.
नाना हसले नाहीत.
"म्हणजे दुखणं घरात आहे," म्हणाले, "पोरात नाही."

परत डब्यात बसवायला घेतलं तेव्हा
आई सूप बाजूला सारून पुढं आली.
तिच्या कट्ट्यात पंचवीस विड्या म्हणजे
अंधारातसुद्धा पंचवीस.
चष्मा नव्हता. तंबाखूनं पिवळं झालेलं बोट
पत्र्यावरच्या पितळी खुंट्यांवरून फिरलं,
मग बोर्डाच्या भोकांवरून.
"भोकं आठ. खुंट्या नऊ."
मी म्हटलं, पुन्हा मोज.
तिनं मोजलं नाही.

कुठल्यातरी मोठ्या बोर्डासाठी
डब्यात आधीपासूनच लावून आलेली ती,
माझ्या लहान बोर्डाच्या पाठीत
नेमकी डाखांच्या टोकांत रुतलेली.
तीन तास मी
काय कमी पडलंय ते शोधत होते.

पक्कडीनं काढली. आठ स्क्रू आवळले. बटण.
पडदा आधी काळा, मग अधिक नीट काळा,
मग त्यावर एक पांढरी ओळ,
सुरू करण्याजोगं काही सापडत नाही अशा अर्थाची.
"काय म्हणतंय?" नानांचा हात माझ्या खुर्चीवर.
"काही नाही. जागं झालंय. आत अजून काही भरलं नाही."
"मग ठीक," ते म्हणाले, "बीम चढलंय.
वहीफणी उद्या."
आणि उशी घेऊन गच्चीवर गेले.

नववी खुंटी आईनं तंबाखूच्या डबीत टाकली,
लागेल म्हणाली कशाला तरी.
पंखा चालू ठेवूनच मी दिवा घालवला.
शेजारी तिसरा माग मध्येच बंद पडला,
आणि वर, गच्चीवर,
कुणीतरी कूस बदलून उठून बसल्याचं
ऐकू आलं.