माप

लुधियानात आमची गलाई होती, बावीस वर्षं.
हे खाली भट्टीपाशी, मी वरच्या खोलीत,
आणि शेजारच्या बलजीतनं शिकवलेलं हे विणकाम.
एक सुलट, एक उलट,
चुकलीस तर उसव, रडू नको.
तिची भाषा मला सहा महिन्यांनी कळली,
हात पहिल्याच दिवशी.

विट्याला परतलो तेव्हा ट्रंकेत
अकरा गुंडे आणि एक अर्धा स्वेटर.
इथं स्वेटर कोण घालतंय?
दोन महिने पहाटेचा गारठा, त्याला कानटोपी पुरते.
परकराची नाडी ओवायला तेवढी सुई कामाला यायची.

या माघात भाळवणीच्या अंगाला
ऊस तोडताना सरीत चार पिल्लं निघाली.
बिबट्याची म्हणून गाव गोळा झालं.
टोळीतल्या सरूबाईनं डोक्याचं टापर सोडून
त्यांच्यावर घातलं आणि ती पुन्हा कोयत्याला लागली.
मुळीकांची अर्चना आली, वनरक्षक,
तिनं कान बघितले, शेपूट बघितलं.
रानमांजर आहे, म्हणाली, घरी जावा.
गाव जरा नाराजच झालं.

पहिल्या रात्री आई फिरकली नाही.
सकाळी अर्चना माझ्या दारात:
काकू, तुम्हाला विणता येतं म्हणे.
माप काय, मी विचारलं.
तिनं मूठ दाखवली.
मग म्हणाली, अशा चार. एकमेकांवर पडून झोपतात.
टाके घट्ट पाहिजेत, नख अडकायला नको.
मणी नको, बटण नको, साबणाचा वास नको.

मी ट्रंक उघडली.
तो स्वेटर नितीनचा, तो सात वर्षांचा असताना घातलेला.
पाठ होईतो तो आठचा झाला,
बाही होईतो नवाचा,
माप पुढं पळत गेलं, मी सुया घेऊन मागं.
आता कोइमतूरला त्याची स्वतःची गलाई आहे,
तिथं थंडीच नसते म्हणतो.

उसवलेली लोकर सरळ येत नाही,
जुन्या टाक्यांची सवय तिच्या अंगात असते.
हे म्हणाले, मांजरांना स्वेटर?
मी म्हटलं, जन्मभर तुम्ही सोन्यातली घाण काढलीत,
मी कधी काही बोलले?
मग त्यांनीच धागा धरला,
तेजाबानं चट्टे पडलेल्या बोटांत, हलकेच,
तार धरायचे तसा.

तळ दुहेरी, कड आत दुमडलेली,
दिवेलागणीला घरटं झालं.
मी पिल्लं बघितली नाहीत.
बघायची नसतात, माणसाचा वास लागतो.
मग लोकरीला माझा वास नाही का?
अर्चना म्हणाली, पाचटात घोळून घेते.

टोळीनं उसाचा शेवटचा पट्टा तसाच ठेवला होता.
मुकादम कुरकुरला, सरूबाईनं त्याला गप केलं
असं नंतर कळलं.
अर्चना लांब जीपमध्ये, दिवे बंद करून.
मी घरी, उगाच जागी,
रात्रभर फ्रिजचा आवाज मोजत.

सहाला ती आली, रिकामा क्रेट घेऊन.
तीन वाजता आली आई, म्हणाली,
एकेक करून नेली.
चौथं अडकलं होतं.
कड दुमडली तिथं माझा एक टाका सैल राहिलेला,
त्यात त्याचं नख.
आई ओढत राहिली, धागा निघत राहिला,
पाच हात सरीत गेला,
मग तिनं दातानं तोडला.

मी घरटं हातात घेतलं.
उग्र वास, दोन काळे केस, थोडी माती.
बलजीतला काय सांगू,
चूक माझी होती, उसवली तिनं.

अर्चना चहा घेत म्हणाली,
तोड अजून महिनाभर चालायची, काकू.
मी उजेडाला जाऊन बसले
आणि सुटलेले टाके परत सुईवर घेतले.
एक कमी भरला.
असू दे.