ओठ कुठल्या बाजूला

रिब्निकजवळच्या आमच्या शेडमध्ये
खाणीतून वर आणलेले पाय आडवे पडलेले असत,
लोखंडी, माणसाच्या दीडपट लांब,
आठशे चाळीस मीटर खाली
छत पेलून दमलेले.

गेर्ट्रूडा पिएखा कामाच्या आधी हात धुवायची.
बाकी सगळे नंतर धुवायचे.
"वाळूचा एक कण," ती म्हणायची,
"कणामागे ओरखडा, ओरखड्यामागे थेंब,
आणि थेंबाची धार व्हायला शिफ्टसुद्धा लागत नाही."

सगळ्यात बाहेर पुसणी.
तिला दाब सोसायचा नसतो,
दारात उभं राहून कोळशाची पूड तेवढी परत पाठवायची.
तिच्या आत सळईचं सील.
खोल तळाशी दट्ट्याचं, ज्याच्या एका अंगाला तीनशे बार
आणि दुसऱ्या अंगाला जवळजवळ काहीच नाही.
मध्ये एक तपकिरी पट्टी, लोखंडाला लोखंड लागू न देणारी;
तिची आठवण ती झिजल्यावरच येते.

पॉलियुरेथेन ताठ. कोमट तेलात घालायचं,
घेवड्याच्या दाण्यासारखं दुमडायचं,
खाचेत सोडायचं
आणि ते स्वतःहून गोल होईपर्यंत
तोंड मिटून थांबायचं.
पोलादाच्या भट्टीशेजारून आलेल्या सिलिंडरला मात्र
नायट्रिल नको, महिन्यात बिस्किटासारखं मोडतं;
तिथे व्हिटॉन, महाग, तिच्या कपाटात कुलुपाखाली.

निकामी सीलं ती पांढऱ्या फडक्यावर मांडायची
आणि वाचायची.
कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या:
फट मोठी होती, टेकूची रिंग कुणी गाळली.
फुगलेलं, मऊ: चुकीचं तेल पाजलं.
एका रेषेत कापलेलं:
"हे आपण बसवतानाच मारलं. स्क्रूड्रायव्हर कुणाचा?"

मार्चमध्ये सत्त्याऐंशी नंबरचा पाय परत आला.
खाली तो दर शिफ्टला चार मिलिमीटर बसत होता.
कुणी जखमी नाही. अखिम आणि त्याच्या माणसांना
छत बोलताना ऐकू आलं, ते मागे सरले,
दुधट पाण्यात बूट भिजवत वर आले.

मी सील काढलं.
ओरखडा नाही, भेग नाही,
कारखान्यातून कालच निघाल्यासारखं चकचकीत.
मला हायसं वाटलं.
गेर्ट्रूडानं ते दिव्याखाली धरलं
आणि खूप वेळ काही बोलली नाही.

दाब पोटात घेतला की ओठ फाकतात
आणि भिंतीला चिकटतात; सगळी करामत तेवढीच.
जितकं दाबाल तितकं घट्ट.
पण ओठ दाबाकडे हवेत.
हे पाठमोरं बसलं होतं.
दाब आला आणि त्याच्या पाठीवरून
हळूच निघून गेला.
अंगावर वळ कुठून उठणार?

जानेवारीच्या पानावर माझी सही होती.
चाचणीला दहा मिनिटं लिहिलेली. मी तीन दिली होती,
बाहेर बस उभी होती म्हणून.

ती ओरडली असती तर सोपं झालं असतं.
तिनं माझा अंगठा धरला,
नव्या सीलच्या कडेवरून फिरवला, डोळे मिटायला लावले.
"कुठे आहे ओठ?"
इथे.
"पुन्हा."
इथे.
चाळीस वेळा. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

मग सळई बाहेर काढली, आत घेतली,
माझं बोट तिच्यावर टेकवलं.
बोटाला तेलाचा पुसटसा ओलावा लागला.
मी घाबरून म्हणालो, गळतंय.
"एवढं लागतंच," ती म्हणाली.
"अगदी कोरडं ठेवशील, तर ते स्वतःच्या घासण्यानं जळेल."

ते साबूत सील अजून खिळ्याला टांगलेलं आहे,
खाली खडूनं सत्त्याऐंशी.
नवी पोरं विचारतात, हे चांगलं आहे, वापरायचं का?
मी आधी हात धुऊन येतो.